अंतरिक्ष माशी

काकाजींच्या घरात शिरणाऱ्याने आधी हवेत बघायचं आणि मग पाऊल टाकायचं, असा नियम होता. पायाखाली मुंगी आहे का हे बघून चालणारी माणसं शिरपुरात पुष्कळ. गावात जुनं जैन मंदिर, बसगाड्या भरभरून येणारे यात्रेकरू, पेठेतली निम्मी दुकानं जैनांची, त्यामुळे पायाखालचा जीव जपण्याचं तिथे कुणाला नवल नव्हतं. हवेतला जीव जपणारे मात्र एकटे काकाजीच.

आमचे हे पोस्टमास्तर म्हणून शिरपूरला बदलून आले, तेव्हा पोस्टात नव्या पैशांची तिकिटं नुकती यायला लागली होती आणि आमचं लग्नही तसं नवंच होतं. काकाजींच्या कापडाच्या दुकानामागच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या होत्या. सामानाची बैलगाडी फाटकातून आत शिरणार, एवढ्यात एक उंच, किडकिडीत गृहस्थ धोतराचा सोगा सावरत धावत आले आणि दोन्ही हात पसरून गाडीपुढे उभे राहिले. हेच काकाजी.

"थांबवा गाडी! उभी हाय ते!"

कोण उभी आहे म्हणून ह्यांनी वाकून पाहिलं. मी पदर सावरून घेतला. फाटकात चिटपाखरू नव्हतं.

"कोन उभी हाय जी?" गाडीवानाने विचारलं.

"अबे, तुह्या नाकापुढे पाय ना!"

गाडीवानाच्या नाकापुढे हातभर अंतरावर एक पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची माशी हवेत टांगल्यासारखी थांबली होती. पुढे नाही, मागे नाही, वर नाही, खाली नाही. गाडीवान 'मधमाशी, मधमाशी' करत मागे सरकला.

"मधमाशी कायची? अंतरिक्ष माशी हाय थे. कायोत्सर्ग चालू हाय तिचा. होऊ दे."

कायोत्सर्ग म्हणजे देहाचं भान सोडून मुनी निश्चल उभे राहतात ते ध्यान. आणि शिरपूरच्या मंदिरातली मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे अशी सगळ्यांची श्रद्धा, म्हणून तो देव अंतरिक्ष. काकाजींनी या दोन्ही गोष्टी एका माशीत पाहिल्या होत्या. देवासारखी अधांतरी आणि मुनीसारखी स्तब्ध. त्यात ती कुणाला चावत नाही, डसत नाही, उष्ट्याखरकट्यावर बसत नाही, नुसता फुलातला रस पिते. त्यांच्या लेखी माशांमधली ती खरी जैन होती. माशीबाईंचं ध्यान आटोपलं, त्या एकदम बाजूला झाल्या आणि आमचा संसार आत गेला.

फाटकात काकी उभ्या होत्या. त्यांनी माझी ओंजळ गुळाने भरली आणि त्याच दमात अट घातली, "आमच्या घरात कांदा-लसूण चालत नाही वं पोरी." मी मान डोलावली. ह्यांना कांद्याशिवाय भाकर गिळत नव्हती, हे मी सांगितलं नाही.

काकाजींचा दुकानात जीव होता आणि नव्हताही. बाई लुगडं बघायला आली की ते घडी मोडून पदर पसरत, काठ दाखवत, मग मध्येच थांबत. दुकानाच्या पायरीशी झेंडूची रोपं होती. तिथे माशी आली की लुगडं अर्धवट पसरलेलं, बाई ताटकळलेली आणि काकाजी पायरीवर उकिडवे. कापडाचे धागे बघायचं एक भिंग त्यांच्या कोटाच्या खिशात कायम असे. कापड बघायला ते क्वचितच बाहेर निघायचं.

पण धंदा कापडाचा, त्यामुळे नजरही कापडाचीच. माशांच्या जाती ते काठांवरून ओळखत. जिच्या पाठीवर पिवळे पट्टे रुंद आणि एकसारखे, ती 'रुंदकाठी'. जिचे पट्टे जोडीजोडीने, एक जाड आणि एक बारीक, ती 'जोडकाठी'. एक अगदी बारीक, काडीसारखी असायची, ती 'चिंधी'. एक मोठी तपकिरी, मधमाशीची हुबेहूब नक्कल करणारी, तिला ते 'बहुरूपी' म्हणत, कारण बहुरूपी जसा पोलिसाचा डगला घालून दारात येतो तशी ही मधमाशीचा डगला घालून फुलावर येते.

"ओळखायची कशी काकाजी?" मी एकदा विचारलं. झालं. त्या दिवशी माझी भाजी करपली.

"आधी पंख पाय. मधमाशीले चार, हिले दोनच. मंग डोळे. हिचे डोळे सगळ्या तोंडभर. मंग मिशा. मधमाशीच्या लांब, हिच्या आखूड, असून नसल्यासारख्या. आन् सगळ्यात मोठी खून म्हंजे मधमाशीले असं उभं राहता येत नाही. तिले धंदा हाय ना! हिले सवड हाय."

"आणि नर-मादी?"

ह्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "भिंगातून पाय. दोन डोळे मधात येकमेकाले चिकटून असले तर थो गडी. डोळ्याइच्या मधात वाट दिसली तर बाई. भांग पाडला हाय तिनं."

ते इतकं खरं होतं की आजही शेवंतीवर अशी माशी उतरली की मी आधी तिचा भांग बघते. माझ्या सुनेला वाटतं, म्हातारीची नजर अजून चांगली आहे.

आपल्या ह्या ज्ञानावर काकाजींचा इतका भरवसा होता की बाजाराच्या दिवशी ते बाही वर सारून, उघडा हात उन्हात धरून पायरीवर बसत. घामाच्या ओढीने माशा हातावर येत, चाटत आणि जात. खेड्यावरून आलेल्या गिऱ्हाइकांना ते दाखवत, "पाय, डसते काय? नुसती भेव दाखोते." असंच एकदा व्याख्यान रंगात आलं असताना हातावर एक उतरली. 'बहुरूपी' म्हणून काकाजींनी ती दहा जणांना दाखवली. कुणाचा तरी धक्का लागला, काकाजींचा हात हलला आणि ती डसली. बहुरूपी कसली, खरोखरीची पोलीसच होती ती.

हात दुधीभोपळ्यासारखा सुजला. पेठेत हसून हसून लोकांच्या डोळ्यांना पाणी आलं. काकाजींच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण ते दुखण्याचं नव्हतं. मधमाशी एकदा डसली की मरते. "वळखाची चूक माही, आन् जीव तिचा गेला," असं म्हणत ते ओसरीवर बसले. संध्याकाळचं जेवले नाहीत, दुसरा दिवसही उपास.

त्या गडबडीत काकी माझ्या दारात आल्या. "येक कांदा दे वं."

"कांदा?" मी म्हटलं. "काकी, कांदा माझ्याकडे कुठचा?"

"चुलीमागच्या मडक्यात हाय. मले काय नाक नाही?" काकी म्हणाल्या. "आन् चिरूनच दे, म्या हात लावत नाही. थे कोनतं औषध म्हनून इचारतीन तर पोस्टातून आलं म्हनजो."

काकाजींच्या हातावर मी कांदा चोळला. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. कशाचा वास येतोय हे विचारलं नाही.

त्यांचं एक शेतही होतं, गावाबाहेर ओढ्याच्या कडेला. ते बटाईने थावरा वाहायचा. थावरा मानोऱ्याकडच्या तांड्यातला, बायको आणि तीन लेकरं घेऊन शेतातच झोपडी करून राहायचा. त्या वर्षी रब्बीत सगळी करडई होती. निम्मी काकाजींची, निम्मी थावऱ्याची. काकाजींच्या घरचं वर्षाचं तेल त्यातून निघायचं. थावऱ्याचं सगळं वर्षच त्यातून निघायचं. करडई बुडाली तर चैत्रात त्याच्या तांड्यातली माणसं जशी घरंदारं सोडून कामाला परमुलखात जात, तसं त्यालाही जावं लागणार होतं. आदल्या दोन वर्षी तो गेलाच होता. धाकटी पोर तिकडेच तापाने आजारी पडली आणि कशीबशी वाचली, हे थावऱ्याची बायको मला पोस्टाच्या ओट्यावर बसून सांगत असे. "औंदा नाही जात वं बाई मी," ती म्हणायची, जणू मीच तिला पाठवणार होते.

थंडी पडली आणि करडईवर मावा आला. काळ्या बारीक किड्यांनी शेंडे लदबदून गेले. पानांवर चिकटा पडला, रोपं माना टाकायला लागली. शेतकी खात्याचा माणूस माव्यावर मारायची भुकटी गावात ठेवून गेला होता. थावऱ्याने एक डबा आणला आणि तो काकाजींपुढे येऊन उभा राहिला.

"शेटजी, भुकटी मारतो."

"नाही मारायची. माव्याले बी जीव हाय."

"तुमाले पुण्य, आन् मले कुटार-भुसा?" थावरा म्हणाला. तो गरीब स्वभावाचा होता, पण भित्रा नव्हता. "बटाई हाय ना? अर्धी करडई माही, तं अर्धा मावा बी माहा. माह्या वाट्याचा मावा मी मारतो. तुमच्या वाट्याचा तुमी सांभाळा."

व्यवहार तर चोख होता. काकी आतून म्हणाल्या, "बराबर बोलून राह्यला थो. आपुन तिकडे पाहूच नाही म्हंजे झालं."

"अवं, पन हवा काय बटाईनं वाह्यते?" काकाजी कळवळून म्हणाले. "तिकडची भुकटी इकडे येईनच ना! आन् थावऱ्या, माव्याचं राहू दे बाबा. माव्यात तिचे अंडे हायेत."

"कोनाचे?"

"अंतरिक्ष माशीचे."

हे काकाजींचं ताजं संशोधन होतं. माशी करडईच्या शेंड्यापुढे येऊन उभी राहते, मावा न्याहाळते, पुढे येते, मागे जाते, पुन्हा बघते. हवंनको पाहून झालं की पोटाचं टोक हळूच टेकवून एक अंडं ठेवते. पांढरं, लांबट, राजगिऱ्याच्या दाण्याहूनही बारीक. एका ठिकाणी एकच. जिथे मावा दाट, तिथेच ठेवणार. नुसत्या फुलावर नाही, स्वच्छ पानावर नाही. असं का, ह्याचा काकाजींनी दिवसेंदिवस विचार केला होता आणि अखेर त्यांना उत्तर सापडलं होतं. माव्याच्या अंगातून गोड चिकटा पाझरतो. मुंग्या त्यासाठीच येतात. माशी स्वतः गोडखाऊ, तेव्हा लेकरांनाही गोडच लागणार. "हलवायाच्या दुकानात पोट्टे ठेवून जाते थे," ते सगळ्या पेठेला सांगत. "आन् येका दुकानात येकच. भांडन नको. माय असावी तं अशी."

हे ऐकून पेठेतल्या बायका खरोखर गहिवरल्या होत्या. मीही.

थावऱ्याने डोकं खाजवलं. शेवटी येत्या बाजारापर्यंत थांबायचं ठरलं. अंडी फुटतील, लेकरं चिकटा चाटताना दिसतील, एवढे निरागस जीव आहेत हे थावऱ्याला आपण दाखवू, आणि मग भुकटी मारायचा त्याला धीरच होणार नाही, असा काकाजींचा बेत होता. थावऱ्याने डबा ओसरीवरच ठेवला. बाजाराच्या दिवशी तो उचलीन, असं बजावून गेला.

दुसऱ्या दिवसापासून काकाजी मला शेतात न्यायला लागले. माझी नजर तरुण म्हणून मी, आणि परक्या सुनेला एकटं कसं न्यायचं म्हणून पाण्याचा तांब्या घेऊन काकी. करडईला काटे असतात. लुगड्याचे दोरे निघत, काकी पुटपुटत आणि काकाजी शेंड्याला भिंग लावून बसत. अंडं फुटून त्यातून एक हिरवट, बिनपायाची, पारदर्शक अळी निघाली. काकाजींनी तिला नमस्कार केला.

बाजाराच्या आदल्या दिवशी भिंग माझ्या हातात होतं. अळी आता चांगली वाढली होती. आंधळ्यासारखी तोंड इकडेतिकडे फिरवत ती शेंड्यावर चाचपडत होती.

"चाटून राह्यली काय?" काकाजींनी विचारलं.

"नाही अजून."

"लाजत असन. दूर हो जरासी."

तेवढ्यात अळीच्या तोंडाला माव्याचा एक किडा लागला. तिने तो धरला आणि सरळ वर उचलला.

"काकाजी, चाटत नाहीये ती."

"मंग?"

"उचललंय त्याला."

"कायले?"

मला सांगवेना. मी भिंग त्यांच्या हातात दिलं. किड्याचे पाय हवेत हलत होते आणि अळी त्याला शोषून घेत होती. काकाजी बघत राहिले. जरा वेळाने अळीने नुसतं साल खाली टाकलं आणि पुन्हा तोंड फिरवत दुसरा शोधायला लागली. आता नीट पाहिलं तर सबंध शेंडाभर तशी सालं पडली होती. काकाजी खाली बसले ते थेट काट्यांवर, आणि त्यांना ते कळलंही नाही.

"माय मुनी," ते म्हणाले, "आन् पोट्टं कसाई."

घरी आल्यावर त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. काकी समजूत घालायला गेल्या. "आवो, असंच असते. तुमी कंदमुळाले शिवत नाही आन् आपलाच पोट्टा तिकडे अकोल्यात हाटेलात आलूचे वडे खाते, थे तुमाले मालूम हाय काय?"

काकाजी वळले. "आलूचे?"

"म्हंजे, आयकलं म्या," काकी म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. ही समजूत काही लागू पडली नाही.

त्या संध्याकाळी मंदिराकडे जाताना काकाजी फाटकातून वर न बघता बाहेर पडले. डोक्यावर एक जोडकाठी उभी होती. टोपी तिला लागता लागता राहिली. काकी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पाह्यलं वं? वर पाह्यत नाहीत थे." त्यांच्या नवऱ्याच्या ह्या वेडापायी किती लुगडी विकायची राहिली होती, पण त्या वेळी त्यांचा चेहरा पाहून मला फार वाईट वाटलं.

बाजाराच्या सकाळी थावरा आला. डब्याला हात घालत म्हणाला, "मंग शेटजी?"

"म्या काई सांगत नाही बाबा," काकाजी म्हणाले.

काकाजींच्या कोटातलं भिंग घेऊन थावऱ्यामागोमाग मी शेतापर्यंत गेले. त्याने डबा उघडायच्या आधी मी ते त्याच्या डोळ्याला लावलं आणि शेंडा दाखवला. थावरा आधी उकिडवा बसला, मग दुसऱ्या झाडापाशी गेला, तिसऱ्या. आणि तिथूनच त्याने अशी आरोळी ठोकली की ओढ्यापलीकडची गुरं माना वर करून बघायला लागली. डबा तसाच घेऊन तो पेठेत पळत आला.

"शेटजी! हे तं आपलेच मजूर हायेत! जेवन खाऊन काम करून राह्यले! याइच्यावर कायले मारू भुकटी? माह्या वाट्याचा मावा खाऊन राह्यले, तुमच्या बी वाट्याचा!"

"माह्या वाट्याचा नको खाऊ म्हना त्याइले!" काकाजी ओरडले.

पेठ हसली, पण काकाजींचा पेच खरा होता. अळ्या राहू दिल्या तर त्यांच्या शेतात रोज हत्या. अळ्या वेचून दूर टाकल्या तर त्या उपाशी मरणार, म्हणजे ती हत्या आपल्या हाताची. शिवाय थावऱ्याचं वर्ष बुडणार, ते वेगळंच. दोन दिवस त्यांनी ह्या हिशेबाने स्वतःला पिळून काढलं. सुदैवाने त्याच आठवड्यात गावोगाव पायी विहार करत एक आर्यिका माताजी, म्हणजे जैन साध्वी, गावात आल्या होत्या. पांढरं वस्त्र, हातात मोरपिसांची पिंछी, आवाज अगदी हळू. धर्मशाळेत काकाजी त्यांच्यासमोर हात जोडून बसले, मागे काकी आणि मी. काकाजींनी माशीची सगळी कथा सांगितली. फाटकातलं ध्यान, हलवायाचं दुकान, कसाई पोरगं, थावऱ्याचा वाटा. माताजींनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"तुम्ही मारलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही माताजी."

"मारायला सांगितलं का?"

"नाही."

"करू नये, करवू नये. हे दोन झाले. मग तिसरं राहिलं. कुणी मारलं त्याचं अनुमोदन करू नये. मावा मेला म्हणून आनंद मानू नका."

काकाजींचा चेहरा उजळला. "येवढंच?"

"एवढंच," माताजी म्हणाल्या आणि किंचित हसल्या. "पण तेच जड असतं."

"आन् माशीकडे पाह्यलं तर?"

"बघा की. बघायला कोण मना करतंय?"

येताना काकाजी झपाझप चालत होते. फाटकाशी ते थांबले, वर पाहिलं, कुणी नव्हतं. तरी क्षणभर थांबून मगच आत गेले. काकी माझा हात दाबून म्हणाल्या, "आले वं घरी."

माताजींचं म्हणणं पुढच्या पंधरवड्यात कळलं. करडई सुधारायला लागली. सगळी नाही, ओढ्याकडच्या कडेची गेलीच. पण मधलं शेत डोळ्यांदेखत तरारलं. शेंडे साफ झाले, बोंडं धरली आणि एके दिवशी सगळं रान पिवळंकेशरी झालं. आणि काकाजींना आनंद मानायची बंदी! असा शेतकरी मी पुन्हा पाहिला नाही. पेठेतली माणसं मुद्दाम विचारत, "शेटजी, करडई कशी हाय?" काकाजी दगडासारखा चेहरा करून म्हणत, "हाय."

"चांगली हाय म्हंतात?"

"हाय म्हटलं ना."

पण ओठ ऐकत नसत. एक कोपरा वर जायला लागे, काकाजी तो दाबून धरत. शेवटी ते उपरण्याने तोंड झाकूनच शेतात जायला लागले. "तोंडाले फडकं कायले?" म्हणून कुणी विचारलं तर म्हणत, "धूळ." दवाने ओली झालेली सकाळ, धूळ औषधालाही नाही, आणि काकाजी डोळ्यांपर्यंत उपरणं ओढून करडईत ताठ उभे. थावरा मला म्हणाला, "आता शेटजीचाच कायोत्सर्ग चालू हाय." वर काकाजींनी नेम घेतला की ह्या करडईचं तेल आपण जिभेला लावायचं नाही. बाकीच्यांनी खावं. त्यांना वर्षभर शेंगदाण्याचं तेल.

माशांकडे मात्र ते पुन्हा बघायला लागले. अंडी कुठे ठेवली, एकेकटी का ठेवली, सगळं. फक्त 'माय असावी तं अशी' हे पुन्हा म्हणाले नाहीत. एकदा बराच वेळ एका रुंदकाठीकडे बघून म्हणाले, "तिले मालूम असन काय वं, पोट्टं काय खाते थे?" मी म्हटलं, मालूम असेल म्हणूनच तर तिथे ठेवते.

होळी झाली, करडई निघाली, तेलघाण्यावर गेली. ऊन तापायच्या आत थावरा नव्या तेलाचा डबा डोक्यावर घेऊन आला. मागे बायको, तिन्ही लेकरं. काकींनी तिथल्या तिथे अंगणात चूल मांडून कढई चढवली आणि उडदाचे वडे सोडले. वास सगळ्या आळीत गेला. काकाजी ओसरीच्या खांबाला टेकून, उपरणं तोंडावर धरून बसले होते. धाकटी पोर वडा फुंकून फुंकून खात होती.

"बाकीचे कवा निंगून राह्यले?" काकींनी थावऱ्याच्या बायकोला विचारलं. तांड्यातली माणसं दर वर्षी त्याच सुमाराला निघत.

"परवा निंगतात," ती म्हणाली. "आमी जात नाही. औंदा घरचं हाय." आणि एवढं बोलून तिने पदर डोळ्यांना लावला.

काकाजींचे खांदे हलायला लागले. उपरण्यामागे काय चाललंय ते कळेना. काकी घाबरून म्हणाल्या, "आवो, ठसका लागला काय?" त्यांनी मान हलवली. मग हळूहळू त्यांनी उपरणं खाली घेतलं.

"याचं अनुमोदन करता येते," काकाजी म्हणाले. "हे माताजीनं मना नाही केलं. हे घरी राह्यले, याचं करता येते."

आणि ते हसले. दोन महिन्यांचं साठलेलं सगळं एकदम हसले. पुढचा एक दात पडलेला होता, तो कधी पडला ते मला त्या दिवशी कळलं. हसता हसता ते रडायला लागले, मग काकी रडायला लागल्या, कढईतले वडे काळे झाले आणि ते काढायला मलाच पळावं लागलं.

उन्हं उतरल्यावर थावरा रिकामा डबा घेऊन निघाला. पुढे तो, मागे बायको, लेकरं. फाटकाशी पोचला आणि एकदम थांबला. मागून येणारी लेकरं त्याच्यावर आदळली. त्याने हात आडवा करून सगळ्यांना मागे धरलं.

"काहून थांबला बे?" ओसरीवरून काकाजींनी विचारलं.

थावऱ्याने वळून पाहिलं नाही. मान वर करून, डबा छातीशी धरून तो हळूच म्हणाला,

"उभी हाय ते, शेटजी. होऊ द्या तिचं."